दुकानात येणाऱ्या मुक्या गिऱ्हाइकांविषयी

सेलू, जि. वर्धा
९ जून २००४

प्रिय रूपराव,

सेलूहून पुंडलिकचा रामराम. रुख्मावहिनींना नमस्कार, मुकेशला आशीर्वाद. तुझी तब्येत, वहिनींचे गुडघे आणि नाचणगावची हवा बरी असावी, असं धरून चालतो. इकडे घरातली सगळी मंडळी खुशाल आहेत. जी घरातली नाहीत तीही खुशालच दिसतात, पण त्यांच्याविषयी पुढे लिहितो. अक्षराला हसू नको. जाड काळ्या पेनानं लिहितो आहे, आणि तेही कागदाकडे न पाहता, बाजूला ठेवलेल्या तांब्याकडे पाहून. तांब्याकडे पाहिलं तरच कागद दिसतो. (तांब्या दिसत नाही.)

माझ्या डोळ्यांचं तू उडतउडत ऐकलं असशील. दोन वर्षांपूर्वी दुकानातला मापाचा गज मला वाकडा दिसायला लागला. वाकडा गज आणला म्हणून मी निकेशला गिऱ्हाइकांसमोर झापलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरचा विजेचा खांबही वाकडा दिसला, तेव्हा पोराची माफी मागायला हवी होती. (मागितली नाही. बाप आहे.) शिबिरात मोतीबिंदू काढून घेतला, पण उपयोग नाही. हळूहळू मधलंच गेलं. चारी बाजूंचं दिसतं, पण जिथे पाहावं नेमकं तेवढंच गायब. माणसाचं तोंड पाहायचं तर त्याच्या कानाच्या पलीकडे पाहावं लागतं. दुकान कापडाचं, गिऱ्हाईक बायकांचं. यावरून काय काय गैरसमज झाले ते लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. चैत्रातली दुपार होती. निकेश जेवायला घरी गेला होता, बाजार सामसूम होता. मी मान वर केली तर गादीच्या कडेला एक बाई येऊन बसलेली. वांगी रंगाचं पातळ, रुईफुली काठ, पदरावर बारीक बुट्टी. रूपराव, मला माझ्या बायकोचं, शकुंतलेचं तोंड दिसत नाही, आणि या बाईच्या काठातला एकेक धागा मला मोजता येत होता! दोन वर्षांत इतकं स्वच्छ मी काही पाहिलं नव्हतं. मी विचारलं, बाई, काय दाखवू? उत्तर नाही. मुकी असेल म्हणून मी ठाणांवर ठाणं उलगडत गेलो. तिनं एकाला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या खांद्यावरून मागे, भिंतीकडे पाहत राहिली.

तेवढ्यात निकेश आला. "बाबा, कोनाले दाखवून राह्यले एवढं?" म्हणाला, आणि सरळ जाऊन तिच्या मांडीवर बसला.

बाई हलली नाही. निकेशच्या शर्टाच्या जागी मला तिचं पातळ दिसत होतं, आणि त्याचा आवाज तिच्या पोटातून येत होता. मग डोळ्याची पापणी लवली, आणि बसलेला फक्त निकेश उरला. मी त्याला म्हणालो, उन्हामुळे ठाणांना हवा देत होतो.

त्यानंतर ती मंडळी रोज यायला लागली. कधी ती बाई, कधी उंच टोप्या घातलेले वीतभर उंचीचे पुरुष, फळीवरच्या ठाणांवरून एका रांगेत चालत जाणारे. आवाज कसलाच नाही. पावलांचा नाही, कापडाचा नाही. तोंडं एकाचीही ओळखीची नाहीत. (मेलेले कोणी असतील म्हणून मी मुद्दाम निरखून पाहिलं. आपल्याकडचं कोणीच नव्हतं.) मला वाटलं, एक तर मी मरणार आहे, नाही तर वेडा झालो आहे. यातलं दुसरं जास्त भीतीचं होतं. मेलेल्याला लोक चार खांदे देतात, वेड्याला पोरंसुद्धा दगड मारतात. म्हणून कोणाला सांगितलं नाही. जेवण तुटलं, दुपारचा दुकानात एकटा बसायला नको वाटे, आणि घरी जाऊ म्हटलं तर कारण काय सांगू?

शेवटी मी एक युक्ती काढली. समोर कोणी गप्प बसलेलं दिसलं की गजाचं टोक हळूच पुढे करायचं. टोक आरपार गेलं तर ती मंडळी. अडलं तर गिऱ्हाईक. तीन आठवडे युक्ती उत्तम चालली. चौथ्या आठवड्यात महादेवराव मास्तरांच्या सुलोचनाबाई आल्या. त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती म्हणून त्या बोलत नव्हत्या. मी गज पुढे केला. तो अडला, आणि अडला नेमका त्या दाढेवर.

ती किंकाळी बाजारभर ऐकू गेली. मास्तर आले, शेजारचे आले, निकेश पाया पडायला लागला. त्या सगळ्या गर्दीत ती वांगी पातळाची बाई शांतपणे उभी होती, आणि तिला वाट द्यायला मी म्हणालो, "सरका जरा, त्या बाईंना जाऊ द्या." सगळे सरकले, पण माझ्यापासून लांब.

त्या संध्याकाळी शकुंतलेला सगळं सांगितलं. तिनं भुताविषयी एक अक्षर विचारलं नाही. "दिसाले कशी हाय ते?" एवढंच विचारलं, आणि पातळाचं वर्णन मी जरा जास्तच बारकाईनं केलं म्हणून दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला गिरडला घेऊन गेली. दर्ग्याच्या पायऱ्यांवर वरून एक मोठा घोळका उतरत होता. मी अंग चोरून बाजूला झालो, वाकून वाट दिली. मागून शकुंतला म्हणाली, "पायरी रिकामी हाय, चला ना." तेव्हा मात्र मी तिथेच खाली बसलो. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुआ मांगो, पर पहले आँख के डॉक्टर को दिखाओ."

म्हणून वर्ध्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण. डोळ्यात औषध टाकून, उजेड मारून बराच वेळ पाहिलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, म्हणाल्या. याचा एक ओला प्रकार असतो, त्यावर डोळ्यात सुई देण्याचे प्रयोग परदेशात चालले आहेत; माझा कोरडा, त्याला अजून इलाज नाही. (आपल्या भागात आजारसुद्धा कोरडवाहू.) मग एक छापील कागद पुढे घेऊन, जेवण झालं का असं विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "आजोबा, जे नाही ते कधी दिसतं का?"

रूपराव, मी रडलो. परक्या बाईसमोर, नाक पुसत रडलो.

त्यांनी समजावून सांगितलं. डोळा खबर पाठवेनासा झाला की मेंदू रिकामा बसत नाही, तो आपल्याच मनानं चित्रं मांडतो. यावर अलीकडे बराच अभ्यास झाला आहे. असं पुष्कळांना दिसतं, पण लोक वेडं ठरवतील म्हणून सांगत कोणी नाही. डोकं ठिकाणावर असलेल्यांनाही हे होतं. उजेड वाढवायचा, नजर डावी-उजवी भराभर फिरवायची. बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात कमी होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आत्ता आहे का कोणी?" मी म्हणालो, हो, तुमच्या मागे उभी आहे. एवढं सगळं शास्त्र सांगितलेल्या बाईंनी पटकन मागे वळून पाहिलं.

मग दोघंही हसलो. घरी येऊन पोटभर जेवलो. सगळ्यांना लोभ असावा.

तुझा
पुंडलिक

ता. क. – रुख्मावहिनी गेल्या रविवारी आमच्याकडे येऊन गेल्या. तुला सांगितलं नसेल. शकुंतलेजवळ फार रडल्या. म्हणाल्या, साखरेनं डोळे गेल्यापासून तू ओसरीवर बसत नाहीस, तिथे 'ते' बसतात म्हणतोस, ताट भिंतीकडे तोंड करून घेतोस, आणि मुकेश तुला वेड्यांच्या दवाखान्यात न्यायची चौकशी करतो आहे. रूपराव, तुले काय दिसते रे? मले सांग. पुढच्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याले ये, मी स्टँडवर राहीन. डॉक्टरीणबाईले तुझं नाव सांगून ठेवलं हाय. माझ्या खातर तरी येजो. एकट्याले हे फार जड जाते.

ता. क. दुसरा – मुकेश, हे पत्र तूच वाचून दाखवत असशील. इथे थांब. बाप रडत असला तर रडू दे. मग सहज विचारल्यासारखं विचार, बाबा, आत्ता इथं किती जण हायेत? जो आकडा सांगेल त्यावर हसू नको. फक्त त्या आकड्यात त्यानं तुला धरलंय की नाही, तेवढं विचारून घेजो.