अकरा पावलं आणि उजवीकडे

४ जानेवारी

आर्किटेक्ट बाईंनी आज टेप काढली ती प्लॉट मोजायला नाही, ह्यांची पावलं मोजायला! तिशीची पोरगी, आम्हाला काका-काकू म्हणते. ह्या भाड्याच्या घरात ह्यांना दारापासून खिडकीपर्यंत वीस वेळा चालवलं आणि वहीत लिहिलं – एक पाऊल, बावीस इंच. "काका, तुमचं घर मी फुटांत नाही काढणार. पावलांत काढणार."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्ष-दीड वर्ष सांगितलंय. सध्या नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. पुढे तेही नाही. त्याआधी घर उभं राहायला हवं आणि ह्यांना ते पाठ व्हायला हवं. कुणाचा हात न धरता स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहा स्वतः करायचा, एवढंच ह्यांचं मागणं. तीस वर्षं माझ्या चहाला पाणचट म्हणत आलेत. मला वाटायचं चेष्टा आहे.

१३ जानेवारी

नकाशा आला. जाड पुठ्ठ्यावर, भिंतींच्या जागी सुतळी चिकटवलेली. ह्यांनी डोळे मिटून बोटं फिरवली आणि तिसऱ्या खेपेला म्हणाले, "दारातून अकरा पावलं. उजवीकडे. चार पावलं. ओटा." आर्किटेक्टच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही.

कॉन्ट्रॅक्टर मात्र सहा फुटी माणूस. म्हणाला, "साहेब, माझी पावलं धरली असती तर तुमचा ओटा शेजारच्या प्लॉटात गेला असता." हे खूप हसले. बऱ्याच दिवसांनी.

२० जानेवारी

रोज सकाळी गच्चीवर. खडूने घर आखलंय, त्यात डोळे मिटून चालतात. अकरा, उजवीकडे, चार. मला शेजारी उभं राहायची परवानगी आहे, तोंड उघडायची नाही. दोनदा पाण्याच्या टाकीला धडकले. तिसऱ्यांदा नाही.

५ फेब्रुवारी

पाया खणताना प्लॉटच्या उजव्या अंगाला जुनी बुजवलेली विहीर लागली. इकडे आड तिकडे विहीर नुसतं म्हणतात, आमच्याकडे खरीच निघाली. त्या बाजूला जड बांधकाम नको म्हणे. आर्किटेक्ट नवा कागद घेऊन आली, गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि बरंच काही सांगत होती. तेवढ्यात दवाखान्यातून फोन – ह्यांची तपासणी दुपारच्याऐवजी आत्ताच. तिने विचारलं, "काकू, चालेल ना?" मी म्हटलं, पावलं तीच आहेत ना? "पावलं तीच." मी सही केली आणि रिक्षा पकडली.

१८ मार्च

आज जोत्यावर उभी राहिले. विटांचे दोन थर आलेत, खोल्या कळायला लागल्यात. दारातून ह्यांची अकरा पावलं चालले – माझी तेरा झाली – आणि उजवीकडे वळले तर समोर झोपायची खोली. स्वयंपाकघर डावीकडे.

मला आधी वाटलं मीच चुकले. बाहेर गेले, परत आत आले. चार वेळा. मिस्त्री काम थांबवून बघत होता.

सगळं घर उलटं आहे. आरशात दिसावं तसं.

१९ मार्च

आर्किटेक्टकडे गेले. भांडायलाच गेले होते. तिने माझ्यापुढे कागद ठेवला. कोपऱ्यात माझी सही. "काकू, मी तुम्हाला सांगितलं होतं, विहिरीमुळे प्लॅन मिरर करतेय. मला वाटलं, तुम्ही काकांना सांगितलं असेल." तिचं काही चुकलं नाही, तेच तर वाईट आहे. विचारलं, आता बदलता येईल? पाया, ड्रेनेज, कॉलम सगळं सांगितलं तिने. मी ऐकून घेतलं. पोरगी रडवेली झाली होती, मीच तिला पाणी दिलं.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "ताई, घर झकास होईल. डावं काय, उजवं काय."

२० मार्च

गच्चीवर अकरा. उजवीकडे. चार. मी बघत उभी.

२ एप्रिल

लेकीला फोनवर सांगितलं. "आई, आजच सांगून टाक. रोज चुकीचं पाठ करतायत ते!" मला कळत नाही का? रोज सकाळी ठरवते, आज सांगायचं. मग हे गच्चीवरून खाली येतात, घामाघूम, शाळेत पहिला नंबर आल्यासारखे. म्हणतात, "आज एकदाही हात पुढे केला नाही." ह्यावर काय बोलायचं? एका माणसाला डोळे जाताना एकच गोष्ट नीट जमली आहे आणि तीच मी चुकीची करून ठेवली.

१७ एप्रिल

स्लॅब पडला. हे आले नाहीत. "धूळ नको डोळ्यांत, पूर्ण झालं की एकदम बघेन." मला हायसं वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली.

९ मे

प्लास्टर. ह्यांनी खडूच्या रेघा पुन्हा काढायला लावल्या, पुसट झाल्या असतील म्हणे. मी वाकून काढल्या. उजवीकडे स्वयंपाकघर. माझ्याच हाताने!

२९ मे

सांगितलं.

सकाळी गच्चीवरच. ह्यांचं अकरावं पाऊल पडलं आणि मी म्हटलं, अहो, डावीकडे. थांबले. मग मी सगळंच सांगून टाकलं – विहीर, बॉनेट, फोन, सही, हे अडीच महिने. म्हटलं, काय वाटेल ते बोला मला. हे टाकीला टेकून उभे राहिले.

"पावलं तीच?"

तीच, म्हटलं.

"मग तू का रडतेस?"

मी म्हटलं, अजून वेळ आहे. अजून तुम्हाला दिसतंय. एकदा डोळ्यांनी नीट बघितलंत की डावं-उजवं आपोआप बसेल, चला आत्ताच. आधी नको म्हणाले, मग आले. माझा दंड धरून, कारण वाळू-खडी पडलेली. दारात उभं करून मी सगळं दाखवलं – तो ओटा, ती खिडकी, टाईल्स तुम्ही म्हणालात त्याच रंगाच्या, दिसतायत ना? "हो, दिसतायत. छान झालंय गं." सगळ्याला छान म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरने हात मिळवला, आर्किटेक्ट तर खाली वाकून पाया पडली.

छातीवरचा दगड उतरला. किती मूर्ख मी, उगीच इतके दिवस काढले. माणूस बघू शकतो तोवर काहीच बिघडलेलं नसतं. आज जेवले पोटभर.

३१ मे

आज दुपारी ह्यांनी सांगितलं. एप्रिलपासून काही दिसत नाही. उजेड आहे की अंधार, तेवढंच कळतं. "तू आधीच कसल्यातरी ओझ्याखाली दिसत होतीस – म्हणजे आवाजावरून. म्हटलं, घर पूर्ण होईपर्यंत हिला आणखी हे कशाला."