सतराव्या पानावरचा शिक्का

जळगाव, बुधवार, ता. ८ फेब्रुवारी १९३९

तीर्थस्वरूप नानांच्या चरणी पुतण्या निंबाचा साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. तुमचा गुडघा आता कसा आहे? काकूंनी दिलेल्या दशम्या चार दिवस पुरल्या (खरे तर दोनच, पण वर्गातल्या ओळखी त्यांच्यावरच सुरू झाल्या).

शाळेचे पुस्तकांचे कपाट सांभाळणाऱ्या मास्तरांचा हा वर्ग दीड महिन्याचा आहे. मला वाटले होते, पुस्तकांना क्रमांक घालायला शिकवतील. तेही शिकवतात, पण आमचे शिक्षक पहिल्या दिवसापासून एकच धरून बसले आहेत की ग्रंथपालाने ओळखी वाढवाव्यात. आपल्याकडे नसलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतून मागवायचे तर तिथला माणूस आपला हवा. म्हणून रोज संध्याकाळी एका नव्या सोबत्याचे नाव, गाव आणि त्याच्या कपाटात काय आहे ते वहीत लिहून दाखवायचे. मी मुळात अबोल (तुम्ही मला घुम्या म्हणत होता), तरी साक्रीचे धनसिंग आणि धुळ्याच्या उर्दू शाळेतले हाशम मास्तर यांच्याशी माझी गट्टी जमली. त्यांनी आपापल्या कपाटांविषयी पुष्कळ सांगितले. मी आपल्या कपाटाविषयी बोलायचे टाळले, कारण ते बावीस वर्षे उघडलेले नाही. तुम्हांला पेन्शन लागली, शाळा माझ्याकडे आली, पण किल्ली तुमच्या करगोट्यालाच राहिली.

परवा सोमवारी प्रत्येकाने आपले आवडते पुस्तक आणून त्यावर बोलायचे होते. मी समुद्रप्रवासाचे एक निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक नेले आणि छान बोललो. वाघूर नदीपेक्षा मोठे पाणी न पाहिलेला माणूस वादळाविषयी इतका वेळ बोलला की शेवटी हाशम मास्तरांनी प्यायला पाणी मागवले. त्यानंतर शिक्षकांनी नवा धडा घेतला. शाळेचा शिक्का पहिल्या पानावर तर मारतातच, पण जुने जाणते लोक तो आतल्या एका ठरावीक पानावरही मारून ठेवतात. मग पहिले पान गेले तरी पुस्तक कोणाचे ते कळते. दाखवायला म्हणून त्यांनी हाताशी असलेले माझेच पुस्तक उघडले. सतराव्या पानावर आपल्या शाळेचा जांभळा शिक्का होता, आणि खाली तुमची सही.

सगळे माझ्याकडे वळले. माझ्या तोंडून निघून गेले की हे पुस्तक मला नानांनी बक्षीस दिले, आमचे नाना मुलांना हवी ती पुस्तके घरीसुद्धा नेऊ देतात. धनसिंगांचे डोळे भरून आले. "भाऊ, असा नाना आम्हना गावमा कोन शे?" असे ते म्हणाले. शिक्षकांनी तिथल्या तिथे ठरवले की अशा माणसाची ओळख सगळ्या वर्गाला हवी. रविवारी, १९ तारखेला, अठरा जण पाचोऱ्याला गाडी बदलून पहूरला उतरतील.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला जपावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
निंबा

ता. क. पहूरला दोन बैलगाड्या पाठवाव्यात.

ता. क. शनिवारीच कपाट उघडून झाडून घ्यावे. कुलूप गंजले असल्यास गोडेतेल सोडावे. कोणी विचारलेच तर पुस्तक बक्षीस दिले होते, एवढेच म्हणावे.

ता. क. वरचे लिहिले खरे, पण तुम्ही खोटे बोलणार नाही हे मला ठाऊक आहे. नाना, ते पुस्तक मी चोरले होते. पहिले पान मीच फाडून चुलीत घातले; सतरावे फाडले तर गोष्ट तुटली असती, म्हणून ते राहू दिले. तुम्ही आम्हांला रांगेत उभे करून विचारलेत, तेव्हा मी पुढून तिसरा होतो. कोणीच बोलले नाही म्हणून तुम्ही कपाटाला कुलूप घातलेत. त्या रांगेतल्या मुलांची मुले आता माझ्यापुढे बसतात, आणि त्यांनी त्या कपाटाची नुसती दारे पाहिली आहेत. मला याची फार लाज वाटते. मी पुस्तक घेऊन येतो आणि अठरा जणांसमोर खरे काय ते सांगतो. मग प्रमाणपत्र मिळो न मिळो. चोर सापडला आहे, नाना. आता कुलूप काढा.