देवी कोणत्या हाताला

१२ जानेवारी १९६४
कपाटं गेली! बीबी गावच्या आमच्या वाचनालयातला जुन्या वस्तूंचा संग्रह मी दहा-बारा वर्षं जमवला. दगडी जाती, नाणी, तलवारी, सगळं एकाला एक चिकटून. बघणाऱ्याचे डोळे दिपायचे. बडोद्याहून संग्रहालयाचं शिकून आलेल्या गावातल्याच शालिग्रामनं अर्धंअधिक माळ्यावर टाकलं. "काका, हे वखार वाटते. पयले राजेलोक असंच रचत. आता एकेक वस्तू, भवताल मोकळी जागा, अन् पाहणाऱ्याले वाट."

वखार! बारवेतली देवी मी स्वतःच्या बैलगाडीतून आणली तेव्हा हा चड्डीत होता. तिलाच त्यानं दालनाच्या मधोमध एकटी उभी केलीय.

१४ जानेवारी
संक्रांतीचं वाण द्यायला निघालेली ही दालनात डोकावली. माझ्या कपाटांसाठी कधी पाय ठेवला नव्हता तिनं. "लय साजरं दिसते हो. देवी मोकळी झाली."

तिळगूळ गोड लागला नाही.

१९ जानेवारी
त्यानं फरशीवर पांढरे बाण काढले. खिडक्यांच्या उजेडाच्या हिशेबानं आखलेत, म्हणे. बाणांवरून एक फेरी मारली आणि थबकलो. देवी डाव्या हाताला येते! आपल्याकडे देवाला डावं घालून कोण फिरतं? सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. शिकलेला आहे ना, कळेल त्याचं त्याला.

२१ जानेवारी
उद्घाटन रविवारी. दालनाची किल्ली मजकडेच ठेवायची की त्याला द्यायची, ते अध्यक्ष उकंडराव त्यानंतर ठरवणार. जळतो मी त्याच्यावर. हो, जळतो.

२६ जानेवारी
फजिती! बायांनी दारातच चपला काढल्या, कुंकवाच्या डब्या उघडल्या आणि देवी उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेला निघाल्या. समोरून शाळेची रांग, बाणांप्रमाणे. देवीच्या मागे टक्कर. एकीचं कुंकू हेडमास्तरांच्या धोतरावर. सगळे पोट धरून हसले. शालिग्राम कानापर्यंत लाल.

घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.

२७ जानेवारी
सभेत उकंडराव त्याला सोडून माझ्याकडेच वळले. "वामनराव, तुम्ही तं रोज तठीच असता. तुमाले दिसलंच असन. सांगतलं काऊन नाही त्याले?"



शालिग्राम म्हणाला, "काकांनी सांगतलं होतं. म्याच आयकलं नाही."

किल्ली माझ्याकडेच राहिली.