इंजिन बदलण्यापूर्वीची आंघोळ

तीर्थस्वरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (हाताला ग्रीस आहे, म्हणून पाया लांबूनच पडतो.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, आणि मी तर सध्या जमिनीपासून चार बोटं वरूनच चालतोय.

मागच्या खेपेला बाबांच्या बंद पडलेल्या गाडीकडे बघून तुम्ही म्हणालात, "भंगारात घाला. तुमच्या चिरंजीवांना पंक्चरसुद्धा काढता यायचं नाही." (मी हसलो, पण ते मनाला लागलं.) तर कळवायला आनंद होतो की दुसरं इंजिन घरात आलं आहे. सध्या ते सोफ्याशेजारी असतं. आईने त्यावर टेबलक्लॉथ घातलाय आणि पाहुणे बिनदिक्कत कप ठेवतात. गॅरेजमधून जुन्या गाद्या, सायकली आणि ताईचा पाळणा बाहेर काढला. तुळईला साखळी-कप्पी टांगली आणि स्वतः लोंबकळून तपासली. (तुळई शाबूत आहे. पँट शिवायला दिली आहे.) मग जुन्या इंजिनाची एकेक वायर, एकेक नळी सोडवली आणि कुठली कुठे जोडायची याची चिठ्ठी प्रत्येकीवर डिंकाने चिकटवली. घरात डिंक असताना चिकटपट्टी विकत आणणं आमच्याकडे पाप आहे, हे तुम्ही जाणताच. गाडी बंद पडल्यापासून बाबा गॅरेजकडे फिरकले नव्हते. परवा स्टूल घेऊन बसले, सगळं बघितलं आणि उठताना म्हणाले, "नीटनेटकं काम आहे." मामा, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

आता एवढं देखणं काम मळक्या गाडीत शोभेना. म्हणून काल बॉनेटखालचा सगळा भाग साबण लावून पाण्याच्या फवाऱ्याने धुतला. आईची भांडी लाजतील असा चकचकीत झालाय. लवकरच बाबांना याच गाडीतून तुमच्या दारात आणतो. हॉर्न वाजला की बाहेर या.

आपला भाचा

ता. क. तुमचीही गाडी याच मॉडेलची आहे ना? सवडीने घेऊन या. नुसतं बॉनेट उघडून कुठली नळी कुठे जाते ते बघायचंय. चिठ्ठी एकही हरवलेली नाही. आईने सगळ्या गोळा करून, वाळवून, बरणीत भरून ठेवल्या आहेत.

आणखी ता. क. बाबांना यातलं काही माहीत नाही.

(खाली वेगळ्या अक्षरात) मेहुणेबुवा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, कारण डिंक माझ्याच कपाटात असतो. गाडी जरूर आणा, फक्त त्याला ती धुऊ देऊ नका. आणि ते पंक्चरचं बोलणं तेवढं परत घ्या.