दोरीचं इंजिन नको

दीपेशचे बाबा,

तुम्ही उठायच्या आत दीपेशला घेऊन उरणला इंजिन बघायला जातेय. दोरी ओढून चालू होणारं घेणार नाही, बटनाचंच घेणार. बॅटरीसकट ते जड होतं आणि आपली होडी जुनी, म्हणून इंजिन बसतं ती मागची फळी बदलायला सुताराला सांगितलंय. भांडायचं तर संध्याकाळी भांडा. कोळीवाड्यात कोणी विचारलं तर सांगा, दोरीवालं मिळालंच नाही. मीही तेच सांगेन.

लकवा मारल्यापासून उजव्या हाताची बोटं धरत नाहीत, म्हणून काल जुन्या इंजिनाची दोरी मनगटाला बांधून ओढलीत ना? जेवताना वळ दिसला मला. दीपेशला बोलले नाही. खोबरेल ओट्यावर काढून ठेवलंय. डाव्या हातानं लावा.

केसर