फॅट मशीनचा पासवर्ड

१४ नोव्हेंबर २००५, भोंगवली

तात्यांनी आज माझ्याकडे बघितलं नाही. डेअरीचे सचिव, आणि माझे सख्खे चुलते. गेल्या आठवड्यात त्यांनीच बोलावलं होतं. "दुधाची फॅट कमी दावतंय हे मशीन. लोकं शिव्या घालत्यात, कंपनीचा माणूस येईना. तू डिप्लोमा केलास कशाला मग?" मी मशीन उघडलं, चिपमधून कंपनीनं घातलेला पासवर्ड वाचला, कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणीची जुळणी, दुरुस्त केलं. बाकी कशाला हात लावला नाही.

आज कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, आतला प्रोग्रॅम कंपनीचा, त्याचं कुलूप तोडणं हा कॉपीराइटचा गुन्हा. अमेरिकेत असा कायदा आहे, हे मी वाचलंय. आपल्याकडे कुठल्या कलमात आहे, विचारलं. ते कंपनीचे वकील सांगतील, म्हणाला. मशीन डेअरीनं विकत घेतलेलं, प्रोग्रॅमची नक्कल मी केलेली नाही. मग गुन्हा कसला?

पण लागलं ते हे नाही. तात्या म्हणाले, "आमाला काय म्हाईत? पोरीनं परस्पर केलं." दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर. आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी खरं का सांगितलं नाही? थोरल्यांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, एवढ्यासाठी?

इंजिनिअर जुनंच कॅलिब्रेशन घालून, नवा पासवर्ड टाकून गेला.

आत्ता तात्या घरी येऊन गेले. "फॅट परत कमी दावतंय गं. सकाळच्या दुधाआधी बघतीस का?"

"तात्या, लेखी द्या," मी म्हणाले.

"घरात कसली लिखापढी?"

मी त्यांना कंपनीचा फोन नंबर लिहून दिला.