फिकी पावती

१४ मार्च ८८
रिबन पुन्हा संपली. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "रामटेके बाई, तुमची मराठी रिबन खाते की पिते?" सगळे हसले. मीही हसले आणि नवी रिबन मागितली.

दूध संघात कॉम्प्युटर येऊन वर्ष नाही झालं आणि दोष मराठीच्या माथी. त्याच प्रिंटरवर इंग्रजी पत्रं सटासट निघतात. गावोगावच्या दुधाच्या पावत्या मराठीत काढायला घेतल्या की तो एकेका ओळीवरून दोनदोनदा फिरतो, करकर करतो, आणि एवढं करून अक्षरांच्या मधून आडवी पांढरी रेघ. सा. म्हणतात, पावत्याही इंग्रजीत काढा, कटकट मिटेल. कोणाची मिटेल?

काल पारशिवनीला आईनं पावती माझ्या नाकासमोर धरली. "माह्या नावाच्या मधातून कोणं रेघ वढली वं?" प्रौढ वर्गात जाऊन पन्नाशीत वाचायला शिकलेली बाई. लिटर, फॅट, स्वतःचं नाव, सगळं बोट ठेवून स्वतः वाचते. तिच्या हातात इंग्रजी पावती मी देणार नाही. बस.

१७ मार्च
नवी रिबन 'पुढच्या आठवड्यात बघू'. म्हणून जुनीलाच शाई पाजली. शिक्क्याची शाई, त्यात शिलाई मशीनचं तेल. बोटं काळी, पदर काळा. शेजारच्या टेबलावरच्या कुसुमताई इंग्रजी टायपिस्ट. म्हणाल्या, "काहून एवढा जीव काढून राहिली? इंग्रजी करून टाक अन् मोकळी हो." मी म्हटलं, तुमच्या आईला इंग्रजी येतं का? त्यांनी पुढचा कागद मशीनला लावला. नंतर चहा पाजला.

पावत्या निघाल्या काळ्याभोर, तेलाच्या डागांसकट. सा. खूश, "आता कशा उठून दिसतात!" रेघ तशीच. ती त्यांना दिसत नाही, त्यांचं नाव थोडंच कापलं जातं.

२२ मार्च
अर्धी रजा टाकली. सीताबर्डीला भोयरच्या दुकानात. कॉम्प्युटर यानंच बसवला. रेघ दाखवली तर हसला.

"मॅडम, थो ड्रायव्हर दुसऱ्याच प्रिंटरचा हाय."

ड्रायव्हर म्हणजे काय, ते विचारलंच. लाजायचं कशाला. कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावून सांगणारा प्रोग्राम. मराठी अक्षरं प्रिंटरच्या पोटात नसतात, म्हणून ड्रायव्हर त्यांचं ठिपक्याठिपक्यांनी चित्र पाठवतो, अर्धी ओळ वरची, अर्धी खालची. कागद मध्ये किती सरकवायचा ते या ड्रायव्हरला आमच्या प्रिंटरचं ठाऊकच नाही. म्हणून फट, म्हणून रेघ.

"मंग मी डबल छपाई चालू करून देल्ली. एका ओळीवर दोनदा. काळं दिसलं का गिऱ्हाईक खूश."

"आणि रिबन?"

"रिबन तर जाइनच ना."

एवढं सहज! ड्रायव्हरांच्या यादीतलं पहिलं नाव दाबलं आणि गेला घरी, सगळ्यांकडे तेच करतो म्हणे. आणि इकडे बोलणी मी खाते. बरोबरचा ड्रायव्हर कोणता, तर "पाहा लावून एकेक". सगळ्या ड्रायव्हरांची फ्लॉपी मात्र दिली. देणार कसा नाही, मी स्टुलावरून उठलेच नाही.

२६ मार्च
नवी रिबन आली एकदाची, ती लावली. सा. दुपारी घरी गेले. बसले लावत एकेक. एका नावावर नुसत्या चौकटी आणि बदाम. दुसऱ्यावर कागद भसाभसा बाहेर, कुसुमताई पकडायला धावल्या. पुढच्यावर अक्षरं मुंगीएवढी. आणि मग एकावर...

रेघ नाही! डबल छपाई बंद केली, तरी रेघ नाही. भागरथाबाई रामटेके, माझी आई, अख्खी, पहिल्या कान्यापासून शेवटच्या मात्रेपर्यंत. थोडी फिकी, पण कोरीव. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला लिहू. कुसुमताई म्हणाल्या, "फिक्की वाटून राहिली वं." लक्ष दिलं नाही.

२ एप्रिल
पंधरवड्याच्या सगळ्या पावत्या निघून गेल्या, रिबन अजून चालू. सा. काही बोलत नाहीत. त्यांचं न बोलणं हीच माझी बढती.

६ एप्रिल
पारशिवनीच्या पावत्या दुधाच्या गाडीतून परत. गठ्ठाच्या गठ्ठा. दूध केंद्रावरच्या लोकांनी घेतल्याच नाहीत. म्हणे ह्या कच्च्या पावत्या, पक्क्या पाठवा.

साहेबांनी गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "डबल छापलं तर रिबन जाते, सिंगल छापलं तर पावती परत येते. सांगा बाई, मी काय करू?" आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त राग आला. पुढच्या खेपेपासून इंग्रजी. "इंग्रजी अक्षरं प्रिंटरची स्वतःची, एका फटक्यात काळी उमटतात." हे खरंच आहे. खरं आहे म्हणून मान्य करायचं का?

१० एप्रिल, पारशिवनी
परत करणाऱ्यांत आई पहिली!

फार भांडले. मी तुझ्यासाठी बोलणी खाते, सीताबर्डीची पायपीट करते, आणि तूच? ती गाईपाशी बसून राहिली, धार थांबवली नाही.

"फिक्की पावती घेऊन मी कोणापाशी भांडू? पहिले थो केंद्रावरचा बाबू पेन्सिलीनं लिहे. घरी येयेपर्यंत अर्धं पुसून जाये. मंग म्हणे, कुठी हाय लिहेल? फिक्कं म्हणजे पेन्सिल, माय. मले वाचता येते म्हणून का मी पेन्सिल घेऊ?"

आम्ही ऑफिसात रिबन मोजत बसलो, आणि इथे बाया पेन्सिलीला भीत होत्या.

मग तिनंच अंगठ्याला थुंकी लावली आणि मी गठ्ठ्यातून आणलेल्या तिच्या फिक्या पावतीवर घासला. जोरात. तिचं नाव हललं नाही. उठून फळीवरून मागची काळीभोर काढली, तेल पाजलेली. एका घासण्यात काळा फराटा, लिटरही गेले, फॅटही गेलं.

"हे पुसते," ती म्हणाली, "अन् हे नाही पुसत." दोन्ही पावत्या मुठीत घेतल्या. मग बादली उचलून केंद्रावर, चपलाही न घालता. मी मागे.

तिथं रांगेतल्या सगळ्या बायांनी अंगठे ओले केले. म्हाताऱ्या शेंडेनंसुद्धा. म्हणाला, "पक्की हाय गा हे तर." हसू आवरेना. अभिमानही वाटला, आईचा जास्त. निघताना दोन्ही पावत्या पिशवीत टाकल्या.

१२ एप्रिल
साहेबांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "बाई, एका गावच्या थुंकीवर ऑफिस चालत नाही. ऑर्डर टाइप झाली आहे." कुसुमताईंनी केली. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"मी इंग्रजी पावत्या छापणार नाही," म्हटलं.

"मग कुसुमताई छापतील. तुम्ही डिस्पॅचला बसा, पाकिटं चिकटवा."

जागेवर येऊन उरलेलं काम संपवलं.

१६ एप्रिल
आज पावत्यांचा दिवस. डिस्पॅचची ऑर्डर सोमवारपासून, म्हणजे आज खुर्ची माझीच. सा. यायच्या आत आले. कुसुमताई माझ्याही आधी येऊन बसलेल्या! वाटलं, झालं, संपलं. त्यांनी उठून जागा दिली. "कागद मी लावून देते, तू मराठी चालू कर. ऑर्डर टाइप करा लागली मले, पण इंग्रजी छापा नाही लागत." सगळ्या गावांच्या पावत्या मराठीत, सिंगल, एका रिबनवर. गठ्ठे दुधाच्या गाडीत चढवून दिले.

सा. आले तेव्हा प्रिंटर थंड. कळलं. केबिनचं दार लावून घेतलं. संध्याकाळी चिठ्ठी: सोमवारी सकाळी केबिनमध्ये, फ्लॉपीसह.

१७ एप्रिल
पारशिवनीला गेले नाही. गाडीवाल्याबरोबर आईचा निरोप आला: "पावती भेटली. वाचली. पारशिवनीतून कोणी वापस नाही केली." बाकीच्या गावांचं अजून कळलं नाही.

उद्या केबिन. डिस्पॅच तर डिस्पॅच, घरी बसवलं तर तेही बघू. फ्लॉपी मागितलीच तर देईन, पण आधी आईच्या त्या दोन पावत्या टेबलावर ठेवणार, काळी आणि फिकी. आणि म्हणणार, साहेब, अंगठा ओला करा, तुम्ही स्वतः घासून बघा.